देवाची उजवी बाजू

माझं नाव लंकाबाई. पंचवटी हाकेच्या अंतरावर आणि माझं नाव लंका, यावरून लोकांनी आयुष्यभर काय काय विनोद केले ते सांगत बसले तर गोष्ट राहून जाईल. नाव ठेवणारी आत्या कधीच वारली, नाहीतर तिला एकदा जाब विचारायचा होता.

मखमलाबादच्या रस्त्याला, मळ्यांच्या मधोमध, खंडेरावाचं एक लहानसं देऊळ आहे. ते आमच्या घराण्याचं. देवळाला लागून दोन खोल्या आहेत, त्यांत मी राहते. मालक वारले, मूलबाळ झालं नाही, मळा दीर कसतात आणि पूजा माझ्याकडे आली. बाईमाणसानं खंडेरावाची पूजा करावी की नाही यावर पारावर बरीच चर्चा झाली. पण रोज पहाटे उठून गाभारा धुवायला दुसरं कोणी तयार होईना, तेव्हा ती आपोआप मिटली.

त्याआधी मी पुष्कळ वर्षं बालवाडी चालवली होती. बालवाडी सुटली तरी पोरांची सवय सुटेना, म्हणून दर रविवारी सकाळी देवळाच्या ओट्यावर मी मुलांचा वर्ग घ्यायला लागले. कोणी त्याला संस्कार वर्ग म्हणायचं, कोणी प्रार्थनेचा वर्ग. पोरांच्या आया त्याला सुटका म्हणायच्या, आणि मला वाटतं तेच नाव खरं होतं. आधी प्रार्थना, मग एखादी गोष्ट, शेवटी कपाळाला भंडारा आणि ओंजळीत फुटाणे. गोष्ट कुठलीही असो, तिचं दावं मी एकाच खुंटीला बांधायचे. देवावर भरवसा ठेवायचा. मोठा प्रश्न पडला की आपलं मन बाजूला ठेवून त्याला विचारायचं, आणि तो सांगेल तसं करायचं.

"तक्रार?" मी विचारायचे.

"नाही!" पोरं ओरडायची. इतक्या जोरात, की शेजारच्या द्राक्षबागेतली पाखरं उठायची.

हे सगळं सांगणं मला फार सोपं जायचं. माझं असं काही राहिलंच नव्हतं, मग देवानं काही मागितलं तरी माझं काय जाणार होतं?

एकटं राहणं म्हणजे काय, हे ज्यानं राहून पाहिलं नाही त्याला सांगून कळत नाही. दुःख वगैरे रोज होत नाही. रोज फक्त एवढंच होतं, की घरात आपण हलवू ती वस्तू हलते आणि आपण आपटू ते भांडं वाजतं. सकाळी ठेवलेली वाटी संध्याकाळी त्याच जागी असते. मी तर कधी कधी मुद्दाम ताट आपटायचे आणि स्वतःलाच म्हणायचे, "काय गं, हळू." माझा स्वभाव मुळात तिरसट, त्यामुळे येणंजाणंही बेताचंच. लोक देवळात येत, पायरीवर डोकं टेकत आणि माझ्या दाराकडे न पाहता निघून जात.

अशा घरात मैना आली.

मैना गोरक्षची मुलगी. गोरक्ष माझ्या दिरांच्या मळ्यात कामाला होता, बायको-मुलीसह तिथल्याच खोलीत राहायचा. कावीळ होऊन त्याची बायको गेली तेव्हा मैना चार वर्षांची होती. मग त्याला रेल्वेत कायमची नोकरी लागली, इगतपुरीला, घाटातल्या रुळांवर. तिथं चार माणसांच्या खोलीत पोरीला कुठं ठेवणार? तो माझ्या दाराशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, थोडे दिस सांभाळा हिला. लय उपकार व्हतील."

थोडे दिवस म्हणता म्हणता मैना दुसरीत गेली.

त्या वर्षांत वाटी कधी जागेवर राहिली नाही. मैना झोपेत माझ्या पोटावर पाय टाकायची. हार ओवायला बसले की समोर बसून सुईत दोरा घालून द्यायची आणि प्रश्न विचारायची. देव अंघोळीला रडत का नाही? देवाला डोळे मिटता येतात का? रविवारच्या वर्गात ती सगळ्यांत पुढं बसायची आणि "नाही!" सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची. मी तिला रागवायचे, वेणी घालताना डोक्यात टपली मारायचे, आणि मनातून इतकी सुखी होते की भीती वाटायची. ती मला आई म्हणत नव्हती. सगळ्यांसारखं बाईच म्हणायची. माझी त्याबद्दलही तक्रार नव्हती.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात गोरक्ष आला तो नवा सदरा घालून. त्यानं दुसरं लग्न केल्याचं मला कळलं होतं. बायकोचं नाव सुवर्णा, घोटीकडची. आता त्याला रेल्वेची खोली मिळाली होती, स्वयंपाकघर वेगळं, मागं मोरी.

"बाई, मैनाला न्यावं म्हन्तो," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "सुवर्णाच म्हनली, पोर परक्याच्या घरी कशाला."

'परक्याच्या' हा शब्द त्यानं मुद्दाम वापरला नव्हता. माणूस साधा होता. माझा चेहरा बघून तो घाईघाईनं म्हणाला, "तुमी परक्या नाय. पन शाळा सुरू व्हायच्या आत नेलेलं बरं. पोरीच्या मनावर हाय बरं का. तिनं नाय म्हनलं तर मी वढून नेनार नाय. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. म्या येत्या रईवारी येतो, तवा सांगा."

तो गेला. मैना आतल्या खोलीत होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं. ती बाहेर येऊन माझ्या शेजारी बसली.

"बाई, हा मोठा प्रश्न हाय ना?"

"आहे."

"मग मी देवाला विचारते."

'राहा' हा एवढासा शब्द माझ्या जिभेवर होता. मी तो गिळला. आपणच शिकवायचं आणि आपणच मोडायचं, हे जमेना. शिवाय खरं सांगायचं तर मला देवाची खात्री होती. इतकी वर्षं त्याला अंघोळ कोण घालत होतं? त्याचे कपडे कोण धुवत होतं? तो माझ्या बाजूनं बोलणार नाही तर कोणाच्या?

आमच्याकडे देवाला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. तगरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवायच्या, एक देवाच्या एका खांद्याला आणि एक दुसऱ्या खांद्याला, शेंदरावर चिकटवायची. मनात प्रश्न धरायचा आणि समोर बसायचं. उजवी कळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नको म्हणाला. पडलेली कळी विचारणाऱ्यानं प्रसाद म्हणून घ्यायची. आणि एकदा विचारलं की तोच प्रश्न पुन्हा विचारायचा नाही. दोनदा विचारणं म्हणजे देवावर भरवसा नाही असं म्हणणं. हे मीच पोरांना सांगितलं होतं. लोक लग्नासाठी, विहिरीसाठी, गाय घेण्यासाठी कौल लावायला यायचे तेव्हा पोरं माझ्या पाठीमागं बसून सगळं बघत असत.

रविवारी वर्ग संपला. पोरं पांगली. मी स्वयंपाकघरात नैवेद्याचा भात उतरवत होते, तेवढ्यात मैना धावत आली. मागं साई, वर्गातला सगळ्यांत बारका मुलगा, फुटाणे चघळत.

"बाई! म्या विचारलं देवाला! उजवी पडली!"

"काय विचारलंस?"

"मी हितंच राहू का, असं विचारलं. आन् उजवी पडली. साईनं बी पाह्यली."

साईनं मान हलवली. मैनेच्या मुठीत कळी होती. मी खाली बसले आणि तिला छातीशी धरलं. इतकं घट्ट, की ती म्हणाली, "बाई, भात." भात खाली लागला होता. मला त्याचं काही वाटलं नाही. मी साईला गुळाचा मोठा खडा दिला आणि तो आईला सांगायला पळाला.

मग करपलेला भाग सोडून वरचा भात वाटीत घेतला, त्यावर तूप वाढलं आणि मी गाभाऱ्यात गेले. देवाचे आभार मानायला हात जोडले, वर पाहिलं, आणि हात तसेच राहिले.

देवाच्या उजव्या खांद्यावर कळी होती. पांढरी, ओली, घट्ट चिकटलेली. डावा खांदा रिकामा होता.

पोरीनं स्वतःचा उजवा हात धरला होता. आपण देवाच्या समोर असतो. आपला उजवा हात ज्या बाजूला, त्या बाजूला देवाचा डावा येतो. कौलात धरायची ती देवाची उजवी बाजू, आपली नाही. आमच्याकडच्या मोठ्या माणसाला हे कोणी शिकवत नाही, त्याला ते आपोआप कळलेलं असतं, म्हणून मीही पोरांना कधी शिकवलं नव्हतं. एवढ्या गोष्टी सांगितल्या आणि ही सांगायची राहिली.

मैनेनं विचारलं होतं, मी इथंच राहू का. आणि देव म्हणाला होता, नको.

वाटी खाली ठेवून मी उंबऱ्यावर बसले. आधी देवाचा राग आला. सरळ सांगते, फार राग आला. मग मी सबबी शोधू लागले, आणि सबबी भराभर सापडल्या. लेकरानं भोळ्या मनानं जे वाचलं तेच देवानं मान्य केलं असेल. देव काय डावं-उजवं बघत बसतो? पोरगी खूश आहे, मी खूश आहे, कळी काय, वाऱ्यानंसुद्धा पडते. आणि कोणाला कळणार होतं? पोरं गेली होती, आता गाभाऱ्यात माझ्याशिवाय दुसरं कोणी येणार नव्हतं. हात लांब करून ती उरलेली कळी काढली की झालं. मी हात लांब केला नाही. पण उठून मैनेला हाकही मारली नाही. भात गार झाला.

दुपार कलल्यावर गोरक्ष आला. मैना त्याला बघून आधी धावली, मग मध्येच थांबली आणि शहाण्या बाईसारखं म्हणाली, "आप्पा, म्या देवाला विचारलं. देवानं हितंच राहा म्हनलं."

गोरक्षनं माझ्याकडे पाहिलं. मी चुलीकडे पाहिलं.

"कौल लावला व्हय," तो म्हणाला. "मंग झालं. देवाच्या म्होरं आपुन कोन." त्यानं बाहेरूनच देवाला हात जोडले. मी केलेला चहा त्यानं उभ्यानंच प्यायला. सोबत एक नवं दप्तर आणलं होतं, लाल, त्यावर फुलपाखरू. ते त्यानं ओट्यावर ठेवलं. "ह्ये तिच्यासाठी घेतलं व्हतं. हितल्या शाळेत बी चालंल." मग पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पाटाच्या कडेकडेनं रस्त्याकडे निघाला. चालताना त्यानं एकदाही मागं पाहिलं नाही. रडणारा पुरुष मागं बघत नाही, हे मला माहीत होतं.

मैना ओट्याच्या कडेला उभी होती. मी तिच्यामागं.

"बाई," ती बापाकडे बघत म्हणाली, "घाटात गाडीला मागून आनखी इंजिनं लावत्यात. आप्पा म्हनलेले. खोलीतून दिसतं."

"हो का."

"मला ते बघायचं व्हतं."

मी ओट्यावरचं दप्तर उचललं.

"आन् आप्पा रोज घरी जेवाया येत्यात आता." तिनं कळी मुठीतून काढली, बघितली, परत मूठ मिटली. "पन देवानं राहा म्हनलं ना?"

मी दप्तरावरची नसलेली धूळ झटकली.

मग ती हळूच, स्वतःलाच सांगितल्यासारखी म्हणाली, "तक्रार नाही."

रविवारी पाखरं उडवणारा आवाज तो नव्हता. डोळ्यांत पाणी नव्हतं, हट्ट नव्हता. लेकरू आपलं मन बाजूला ठेवत होतं. मी शिकवलं होतं तसं, अगदी बरोबर. फक्त ज्याच्यासाठी ठेवत होतं तो देव नव्हता. ती मी होते.

"मैने," मी म्हटलं, "आत चल."

मी तिला गाभाऱ्यात नेलं आणि ती कळी दाखवली. "कौलात देवाचा उजवा धरतात. तू आपला धरलास. चूक तुझी नाही, मीच सांगितलं नव्हतं."

ती थोडा वेळ देवाकडे आणि आपल्या हातांकडे बघत राहिली. मग तिनं देवाकडे पाठ केली, त्याच्या शेजारी जाऊन दाराकडे तोंड करून उभी राहिली आणि उजवा हात वर केला. हात कळीच्या बाजूला आला. तिला कळलं.

"म्हंजी देव म्हनला, राहू नको?"

"हो."

"देवाला ठाऊक हाय का, मी गेल्यावर तुमी एकट्या राहनार?"

"त्याला सगळं ठाऊक असतं."

"तरी बी जा म्हनला?"

"तरी."

तिनं विचार केला. मग पुढं येऊन माझा हात धरला आणि वर्गात मी ज्या आवाजात बोलते त्याच आवाजात म्हणाली, "मंग तुमी बी ऐका, बाई. रडायचं नाही."

मी बाहेर येऊन ओट्यावर उभी राहिले आणि गोरक्षला हाक मारली. माझा आवाज मोठा आहे, बालवाडीनं दिलेला. पाटाच्या पलीकडे तो थांबला. दुसरी हाक मारायची वेळ आली नाही.

त्याच संध्याकाळच्या गाडीनं ती गेली. लाल दप्तरात दोन झगे, पाटी आणि मी बांधून दिलेले लाडू. एस.टी.च्या खिडकीतून तिनं हात हलवला तो अगदी हसत. देवानं सांगितलेल्या ठिकाणी माणूस जसं निघतं तशी ती निघाली, न घाबरता. मला वाटत होतं, निदान शेवटी तरी तिनं हंबरडा फोडावा. तिनं फोडला नाही. इतकं चांगलं शिकवायला नको होतं मी.

पुढचे काही दिवस मी देवाशी अबोला धरला. अंघोळ घातली, फुलं वाहिली, दिवा लावला, पण एक शब्द बोलले नाही. तोही बोलला नाही. वाटी पुन्हा जागेवर राहायला लागली. सुईत दोरा घालायला मला अर्धी सकाळ लागायची, कारण डोळे पूर्वीसारखे राहिले नव्हते, आणि हे मला मैना असताना कळलंच नव्हतं. रविवारी पोरं यायची. मी गोष्ट सांगायचे, पण ती मध्येच कुठंतरी संपायची. पोरं एकमेकांकडे बघायची.

श्रावण सरता सरता मी इगतपुरीला गेले. कौतुकानं गेले असं लोकांना सांगितलं, पण माझी तयारी भांडणाची होती. सावत्र आई, वरून तिकडचा पाऊस, कपडे महिनोन्‌महिने वाळत नाहीत. पोर वाळली असेल, डोक्यात उवा झाल्या असतील, तिला भांडी घासायला लावत असतील, असं सगळं मी गाडीतच पाठ केलं होतं. चांगल्या चार गोष्टी सुनावायच्या आणि पोरीला हाताला धरून परत आणायची.

सुवर्णा दारातच भेटली. काळीसावळी, हडकुळी, हसताना तोंडावर पदर धरणारी. "बाई, तुमीच ना? मैना रोज नाव काढती," म्हणाली, आणि मी काही म्हणायच्या आत माझ्या पायांवर डोकं ठेवलं. घरात दोरीवर कपडे टांगलेले होते आणि खाली शेगडी ठेवून त्यांना ऊब दिलेली होती. मैनेच्या डोक्याला तेल होतं. मी कानामागं बघितलं, कोपरं बघितली, नखं बघितली. सगळं स्वच्छ. पोरगी भरली होती. बोलताना सुवर्णाला ती न अडखळता आई म्हणत होती.

मैनेनं मला हाताला धरून मागच्या दारी नेलं. धुक्यातून मालगाडी वर चढत होती आणि मागून इंजिनं ढकलत होती. "बघा, बाई! म्या सांगितलं नव्हतं?" ती ओरडली. मी बघितलं. देवाचं बरोबर निघालं होतं. पोरीला आई मिळाली, बाप मिळाला, आगगाडी मिळाली. देव चुकला असता तर मला त्याच्यावर रागावता तरी आलं असतं. आता तेवढंही राहिलं नाही.

निघायच्या वेळी सुवर्णानं माझी पिशवी धरून ठेवली. "बाई, तुमी तिकडं एकट्या कशापायी राहता? हितं या. चार भाकरी थापायच्या तिथं पाच थापीन. मैनाच्या आप्पांचं बी तेच म्हननं हाय."

ती मनापासून बोलत होती. मला खोटं ओळखता येतं, आयुष्यभर पोरांमध्ये राहिले आहे. म्हणूनच मी नेहमीसारखी तिरसट झाले. "आणि देवाची पूजा कोण करणार?"

"मंग देवालाच विचारा ना," मैना म्हणाली. "कौल लावा. देवाची उजवी धरा बरं का."

"विचारेन," मी म्हटलं.

घरी आले तो रविवारच उजाडला. वर्ग घेतला, पोरांना फुटाणे दिले. पोरं गेल्यावर तगरीच्या दोन कळ्या खुडल्या, पाण्यात बुडवल्या आणि देवासमोर बसले. हातात कळ्या घेऊन बसले आणि तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं, की मी या देवाला स्वतःसाठी कधीही काहीही विचारलेलं नाही. लोकांचे कौल लावले. त्यांची लग्नं, त्यांच्या विहिरी, त्यांच्या गाई. माझा एकही प्रश्न त्याच्या खांद्यावर कधी चढला नव्हता. या न विचारण्याला मी भरवसा म्हणत होते. तो भरवसा नव्हता, भीती होती. विचारलं की ऐकावं लागतं, आणि दुसऱ्यांदा विचारता येत नाही.

तो जा म्हणाला असता तर हे घर, हे देऊळ, मालकांनी लावलेली ही तगर, सगळं सोडून जावं लागलं असतं, परक्या चुलीपुढं बसायला. आणि नको म्हणाला असता, तर? आता निदान रात्री पडल्या पडल्या मला वाटतं, की इगतपुरीला एक दार आहे आणि ते आपल्यासाठी उघडं आहे. नको म्हणाल्यावर तेही वाटून घेता आलं नसतं. मी त्या कळ्या देवाच्या पायांशी ठेवल्या आणि उठले.

याला आता बरीच वर्षं झाली. आमच्या दिरांकडे फोन आला आहे आणि मैना सणासुदीला फोन करते. ती मोठी झाली, आवाजही बदलला. शाळेचं सांगते, धाकट्या भावाचं सांगते, आणि ठेवायच्या आधी दरवेळी विचारते, "बाई, देवाला विचारलं का?"

"अजून नाही गं," मी म्हणते. "सध्या तगरीला कळ्याच नाहीत."

तगर बारा महिने फुलते. मैना इथंच वाढली, तिला ते माहीत आहे.

"बरं," ती म्हणते. "मी वाट बघते." आणि खरोखरच बघते. तिचा माझ्यावर भरवसा आहे.